कोंबड्यांच्या शेडमधला नरक

रविवार, १ ऑक्टोबर

त्या न्यूयॉर्कवाल्यांनी गाडी माझ्या शेवंतीवर चढवली. अख्खं चर्चचं आवार रिकामं पडलंय, पण यांना माझाच वाफा दिसला. ओरडत बाहेर गेले तर आतून एक बाई उतरली. म्हणाली, ‘सॉरी हं, मला ते गवत वाटलं.’ गवत! माझा नवरा लॉइड जिवंत होता तेव्हा त्यानं लावलेली शेवंती ती.

हां. आता नमस्कार, प्रभू.

गुडघे गेल्यापासून मला टेकून प्रार्थना होत नाही. पडून केली तर तुझं नाव घेता घेता घोरायला लागते. म्हणून हे लिहिते. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा बघितली नाही. तुला वाचता येतं, तेवढं पुरे.

बाईचं नाव नाओमी. नाव बायबलातलं, पण चर्चचं तोंड कधी बघितलं नसावं. बरोबर एक कॅमेरावाला आहे, तो बोलत नाही, फक्त खातो. आमच्या नरकघरावर सिनेमा काढणार आहेत. खराखुरा, नटनट्यांचा नाही. आमचे पाळक ब्रदर ड्वेन यांनी आज उपदेशात सांगितलं की सैतानानं त्यांना हसायला पाठवलंय आणि प्रभू त्यांना रडत परत पाठवेल. नाओमी पहिल्या बाकावर बसून हे लिहून घेत होती.

आमच्या चर्चचा कारभारी म्हणजे डीकन, अर्ल स्ट्राउड, त्याची कोंबड्यांची जुनी शेड ऑक्टोबरात चर्च घेतं. आत खोल्या पाडायच्या. लोक तिकीट काढून येतात, पुढे काळा झगा घातलेला सैतान चालतो. प्रत्येक खोलीत कुणीतरी पाप करून मरतं आणि भुतं त्याला ओढून नेतात. मग नरक. कोंबड्यांचा वास भिंतीतून अजून जात नाही, त्यामुळे नरकाचा वास आम्हाला फुकटात मिळतो. शेवटच्या खोलीत ब्रदर ड्वेन उभे असतात आणि दोन दारं असतात. कपडे आणि रक्त माझ्याकडे. मक्याचा पाक, लाल रंग, चिमूटभर कोको, आणि धुताना निघावं म्हणून भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब.

नाओमीनं विचारलं, ‘तुम्हाला नरकाची भीती वाटते का?’ म्हटलं, ‘बाई, मी उभं आयुष्य कोंबड्या सोलायच्या कारखान्यात उभी राहिले. नरकात निदान बसायला तरी मिळेल.’ कॅमेरावाला पहिल्यांदा हसला.

शेल्बी आजही चर्चला आली नाही. खोलीचं दार बंद. माझ्या मुलाची ही एकुलती एक पोर, मला मीमॉ म्हणते. बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर, आई कुठे आहे ते तुलाच माहीत. एकोणीस वर्षांची घोडी झाली, पण ऑगस्टपासून नुसती पडून आहे. दुकानातली नोकरीही सोडली. तिला जरा हलव, प्रभू. माझ्यानं होत नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

प्रार्थनासभेहून आत्ताच आले. नाओमीला आमची रीत नवी होती. बुधवारी ज्याची जी विनंती असेल ती त्यानं उभं राहून सांगायची. नवऱ्याची दारू, पोटातली गाठ, पोराचं जेल. ज्याला सांगवत नाही तो नुसतं म्हणतो, ‘मनातली आहे,’ आणि सगळे त्याच्या मनातलीसाठी प्रार्थना करतात. मला ते पटत नाही. प्रभूपुढे कसली लपवाछपवी? मनातली म्हणणारे सगळे आतून किडके, असं माझं मत.

मी ऑगस्टमध्ये उभी राहिले ती सरळ सांगूनच. शेल्बीला ओढून शेजारी बसवलं होतं. सांगितलं, ही नात माझं न ऐकता तळ्यावर पार्टीला गेली, उजाडता पायी परत आली, पिवळा फ्रॉक खांद्यापासून फाटलेला, अंगाला बियरचा वास. हिला अक्कल दे म्हणून प्रार्थना करा. सगळ्यांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवले. पुढे आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या घरून भरलेलं भांडं येत होतं. शेल्बीला मात्र उपकार कळले नाहीत. त्या दिवसापासून तिनं चर्चची पायरी चढली नाही. बियरची लाज, दुसरं काय.

आज ब्रदर ड्वेननी या वर्षीच्या खोल्या वाचून दाखवल्या. एक नवी आहे, तळ्याची खोली. मुलगी आजीचं न ऐकता तळ्यावर जाते, पिते, पोरगा जे करायचं ते करतो, मुलगी घरी येऊन गोळ्या घेते आणि सैतान तिला नेतो.

गोष्ट ओळखीची वाटली. पण तळं काही एकट्या आमचं नाही.

नंतर त्यांनी माझा हात धरला. ‘सिस्टर व्हर्डी, तुमच्या ओझ्यातून यंदा पुष्कळ जीव तरतील.’ खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. कॅमेरा माझ्या तोंडावर होता.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज कोण काय होणार ते ठरलं. तळ्याच्या मुलीसाठी पोरी नुसत्या तुटून पडल्या. रडून दाखवायचं, ओरडून दाखवायचं. एकीनं तर स्वतःचे केस ओढले. मिळालं ब्रदर ड्वेनच्या पोरीला, केलिनला. नाव वाचलं तशी ती ‘मी मरणार! मी मरणार!’ म्हणून आईच्या गळ्यात पडली. नाओमी शेजारी उभी होती. म्हणाली, ‘ही पोरगी आनंदानं रडतेय?’ म्हटलं, ‘मग? देवदूत कुणाला व्हायचंय? देवदूताला बोलायला काही नसतं.’

तळ्यावरचा पोरगा व्हायला मात्र कुणी पुढे येईना. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. शेवटी ब्रदर ड्वेननी टकरच्या खांद्यावर हात ठेवला आणि टकर मान खाली घालून हो म्हणाला. डीकन स्ट्राउडचा मुलगा. असा पोरगा शोधून सापडायचा नाही. ऑगस्टपासून न सांगता दर शनिवारी येऊन माझं गवत कापून जातो, पाणीसुद्धा मागत नाही. ‘हो मॅडम, नाही मॅडम,’ याच्या पुढे जीभ नाही.

आजही आला. त्याचं यंत्र सुरू झालं की शेल्बी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि तो जाईपर्यंत सोडूनच ठेवते. मी दार बडवलं. ‘विहीर काय तुझ्या बापानं खणली? बाहेर ये, पोराला निदान हॅलो म्हण!’ आतून नुसतं पाणी.

मंगळवार, १० ऑक्टोबर

केलिनचा फ्रॉक शिवला. खांद्याची शिवण लांब टाक्यांची, दोऱ्याचं टोक मोकळं. पोरानं ओढलं की चर्रकन उसवते आणि पुढचा घोळका यायच्या आत मी परत घालते. कापडाला काही होत नाही.

शेल्बी पाणी प्यायला आली आणि मशीनवरचा फ्रॉक बघून थांबली.

‘हा पिवळा का आहे?’

‘ब्रदर ड्वेननी पिवळा सांगितला.’

‘त्यांना पिवळा कुणी सांगितला, मीमॉ?’

मी म्हटलं, बीन्स गार होताहेत, जेवून घे. तिनं खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग आत गेली. बीन्स तशीच राहिली. मी कुत्र्याला घातली.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

नाओमी पाय-पेस्ट्री खायला आली. पेकानच्या दाण्यांची. दोन तुकडे खाल्लेन, एवढं तिच्या बाजूनं लिहायला हवं. मग कॅमेरा बाजूला ठेवून विचारते, ‘ऑगस्टमध्ये तुम्ही पोलिसांकडे गेला होतात का?’

‘कशाला? बियर प्यायली म्हणून?’

तिनं बशी बाजूला सारली. ‘काय झालं ते शेल्बीला विचारलंत का?’

‘विचारायचं काय त्यात? डोळ्यांना दिसत होतं.’

शहरातल्या लोकांना सगळं विचारायचंच असतं. आम्ही बघतो आणि समजतो. गेली एकदाची. जाताना शेवंतीला वळसा घालून गेली.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

आज कपड्यांसकट तालीम. लिहायला हात वळत नाही, तरी लिहिते.

तळ्याच्या खोलीत डीकनची जुनी पिकअप आणून ठेवलीय. मी बाजूला खुर्चीवर, तोंडात टाचण्या. टकर आणि केलिन पिकअपमध्ये. कागदावर एवढंच होतं की फ्रॉक फाटतो, दिवा जातो, परत येतो तेव्हा मुलगी रडत असते आणि मुलगा निघून जातो. केलिन रडली, छान रडली. पण टकर गेला नाही. त्यानं दार उघडलं, तिच्या पायातला एक बूट ओढून काढला आणि अंधारात फेकला. म्हणाला, ‘जा आता चालत. मीमॉ वाट बघत असेल.’

हे कागदावर नव्हतं.

ब्रदर ड्वेननी टाळी वाजवली. ‘ठेव हे, टकर! अंगावर काटा आला!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा चालू होता.

प्रभू, बुटाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. फ्रॉक सांगितला, बियर सांगितली, बूट नाही. कारण ते बूट माझे. तारण व्हायच्या आधीचे, नाचायचे, लाल चामड्याचे. चर्चमध्ये मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की जुन्या आयुष्यातलं सगळं जाळलं. ते जाळवले नाहीत. शेल्बीच्या पायाला बसले म्हणून दिले. ती उजाडता आली तेव्हा एक पाय लाल बुटात होता आणि दुसरा रक्तानं लाल. हे बघितलं मी, शेल्बीनं आणि तू.

आणि ज्यानं फेकला त्यानं.

तोंडातल्या टाचण्या काढल्या. टकर पाणी पीत होता. म्हटलं, ‘बुटाचं छान सुचलं रे. कुणी सांगितलं?’

‘असंच आलं डोक्यात, मिस व्हर्डी.’ माझ्या हातांकडे बघत होता, तोंडाकडे नाही. मग म्हणतो, ‘शनिवारी येतो गवताला.’

शुक्रवार, २० ऑक्टोबर

सकाळी उरलेला बूट कपाटातून काढला आणि स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला. शेल्बी आली, बघितला. मी विचारलं, ‘टकर?’

तिनं खुर्ची ओढली. म्हणाली, ‘घरी सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं, किती वेळा म्हटलं ते मला आठवत नाही.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगणार होते. आंघोळ करून येऊन सांगणार होते. तू आधीच ओरडायला लागलीस. मग बुधवारी तू उभी राहिलीस आणि सगळं सांगून मोकळी झालीस.’ बुटाच्या टाचेकडे बघत होती. ‘तो आपल्या मागच्या बाकावर होता, मीमॉ. तू संपवलंस तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं आमेन तोच म्हणाला. आणि मग सगळे उठले ना हात ठेवायला. त्यात त्याचा पण होता.’

मी अंडी केली. तिनं एक खाल्लं. रडली कुणी नाही. आमच्या घराण्यात ती सोय नाही.

शनिवारी त्याचं यंत्र आलं तर मी दारात उभी राहणार. लॉइडची बंदूक नीट चालत नाही, पण ते त्याला कुठे माहीत आहे.

रविवार, २२ ऑक्टोबर

बंदूक काढावी लागली नाही. मला दारात बघून काल तो ट्रकमधून उतरलाच नाही.

आज उपासनेनंतर ब्रदर ड्वेनना त्यांच्या खोलीत गाठलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं खुर्चीतून उडतील. ते उडाले नाहीत. टेबलावरचं बायबल सरळ केलं आणि म्हणाले, ‘सिस्टर व्हर्डी, टकर सप्टेंबरातच माझ्याकडे आला होता. इथे, याच गालिच्यावर पडून रडला. त्याचा पश्चात्ताप झालाय. जे प्रभूच्या रक्तानं धुतलं गेलं ते आपण उकरायचं नसतं.’

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं.’

‘म्हणून तर त्याला ती भूमिका दिली. तीच त्याची साक्ष.’

‘आणि माझ्या पोरीला कुठली दिलीत? नरकात जायची?’

‘ती शेल्बी नाही, सिस्टर. ती कुठलीही मुलगी आहे.’

‘कुठल्याही मुलीचा फ्रॉक पिवळाच कसा निघाला?’

त्यावर त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, ‘मी त्याच्या वतीनं तुमची क्षमा मागतो.’

प्रभू, तेव्हा माझी जीभ सुटली. तू ऐकलंसच, तरी लिहिते. म्हटलं, ‘ड्वेन, चर्चच्या पाळणाघरात तुझी लंगोटी मी बदललीय. तेव्हाही तू केलेलं दुसऱ्यानं पुसायचं, आताही तेच. माझी कसली क्षमा मागतोस? माझा बूट गेला, बाकी काही नाही गेलं. जिचं गेलं ती घरी आहे. आणि ज्यानं नेलं त्याला तोंड आहे.’

बाहेर डीकन अर्ल उभा होता. त्याला कळलं असणार. टोपी हातात घेऊन म्हणाला, ‘व्हर्डी, पोराच्या वतीनं मी...’ मी पुढे चालत राहिले. आज सगळेच त्याच्या वतीनं.

बुधवार, २५ ऑक्टोबर

प्रार्थनासभेला गेले. माझी पाळी आली. उभी राहिले आणि म्हटलं, ‘मनातली आहे.’

एवढंच. खाली बसले. सगळं चर्च वळून बघत होतं. व्हर्डी हॅस्क्यूची मनातली! मागच्या बाकावरून या वेळी आमेन आलं नाही.

घरी नाओमी आली होती. शेल्बीनं स्वतः दार उघडून तिला आत घेतलं होतं, हे मला नवीन. नाओमी म्हणाली, ‘बुटाचं सगळं टेपवर आहे, त्याचं बोलणंसुद्धा. ती टेप सिनेमात जाईल का, शेरीफकडे जाईल, की डब्यात पडून राहील, हे शेल्बी सांगेल. मी नाही, तुम्हीही नाही.’

माझ्या तोंडावर आलं होतं सांगायचं. गिळलं. कडू होतं.

शेल्बी म्हणाली, ‘शुक्रवारी मी तिकीट काढून येणार आहे. मग सांगते.’

शनिवार, २८ ऑक्टोबर

काल उद्घाटन झालं. कुठून कुठून बसगाड्या आल्या. मी तळ्याच्या खोलीच्या पडद्यामागे सुई आणि रक्ताची बाटली घेऊन. मी का गेले, असं विचारशील. शेल्बी जाणार होती म्हणून.

तिसऱ्या घोळक्यात ती आली. कोट घातलेला, पायात साधे बूट, बगलेत एक पिशवी. लोकांच्या पुढे येऊन पिकअपला खेटून उभी राहिली. फ्रॉक फाटला, दिवा गेला, दिवा आला. टकरनं केलिनचा बूट ओढला, हात वर नेला, आणि समोर ती.

शेल्बीनं पिशवीतून लाल बूट काढून पिकअपच्या टपावर ठेवला.

टकरचा हात तसाच वर. तोंड उघडलं, पण आतून काही येईना. केलिन कुजबुजली, ‘बोल ना, मीमॉ वाट बघत असेल, बोल.’ सैतान झालेला पोरगा गडबडून पुढचं वाक्य म्हणून मोकळा झाला. घोळक्यातली एक बाई हुंदके द्यायला लागली, तिचा नवरा म्हणाला, ‘काय काम करतात ही पोरं!’ लोकांना वाटलं तो खेळाचाच भाग.

बूट टपावर तसाच होता. पुढच्या घोळक्याच्या आधी मी तो उचलला आणि फ्रॉकचा खांदा परत शिवायचा तो शिवला नाही. सुई-दोरा तिथेच खुर्चीवर ठेवला. यंदा त्यांनी फाटकाच वापरावा.

शेवटच्या खोलीत ब्रदर ड्वेन दर वर्षी म्हणतात तेच म्हणत होते, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. ‘त्या दिवशी प्रभूच्या दाराशी तुम्ही एकटे असाल. तुमच्या वतीनं आई बोलणार नाही, बाप बोलणार नाही, तुमचा पाळकही बोलणार नाही. ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं!’ आवाज मात्र चांगला दिलास त्याला.

मग दोन दारं. एक प्रार्थनेचं, एक घरी जायचं. शेल्बी दोन्हींतून गेली नाही. पूर्वी जिथून कोंबड्यांचं खाद्य आत यायचं त्या मागच्या झडपेतून वाकून बाहेर आली. मी तिथे उभी होते. म्हणाली, ‘नाओमीला सांगितलं मी. टेप शेरीफकडे द्यायची.’

‘बरं.’

‘तू तिथे काही बोलायचं नाहीस, मीमॉ. मी बोलेन.’

‘बरं म्हटलं ना.’

हात धरू का, हे मला ठरवता येईना. बूट तिच्या हातात दिला.

सोमवार, ३० ऑक्टोबर

शेल्बीनं आज शेरीफपुढे सगळं सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर. आतून तिचा आवाज सारखा येत होता, एकदाच थांबला, मग परत आला. शेरीफनं टेप ठेवून घेतली. म्हणाला, ‘व्हर्डी, याचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तीन महिने होत आले. तळ्यावर कुणी बघितलं नाही. टेपमधलं नाटक होतं असं ते म्हणतील.’ हे मला कळतं. मी काही कालची नाही.

गावात बातमी आम्ही घरी यायच्या आधीच पोचली. फोन लागोपाठ वाजतोय. भरलेलं भांडं एकही आलं नाही. फाटकाला कुणीतरी पिवळ्या कापडाची चिंधी बांधून गेलंय. मी ती सोडली नाही. ज्यानं बांधली त्याला रोज जाता-येता दिसू दे.

उद्या सकाळी टकरला बोलावलंय. डीकन अर्ल वकील घेऊन येणार, आणि ब्रदर ड्वेन चारित्र्याची ग्वाही द्यायला. चर्चमधून आणखी दहाबारा जणं येतील. सगळ्यांकडे त्याच्या वतीनं काही ना काही आहे. शेल्बी मला म्हणाली, तू येऊ नकोस. मी येणार. गप्प बसेन, पण समोर बसेन.

तर प्रभू, ऐक. आयुष्यभर तुझ्याकडे मागत आले, आज सांगते आहे. उद्या शेरीफ विचारेल तेव्हा अर्लचं तोंड बंद ठेव. ड्वेनचा तो सुंदर आवाज बसव. वकिलाला खोकला लाव. मी मधे उठले तर मलाही खाली बसव. आणि तू, तूही त्याच्या वतीनं काही बोलू नकोस. धुतलं, माफ केलं, विसरलो, काही नाही. विचारलंय टकरला. टकरनंच उत्तर द्यायचं.